हवेत इंजिन बंद पडलं तर?

लग्नात, दहाव्याला, एसटीच्या रांगेत, कुठंही मी हेलिकॉप्टर चालवतो हे कळलं की पहिला प्रश्न हाच येतो. "हवेत इंजिन बंद पडलं तर काय करता हो?" विचारणाऱ्यानं मनातल्या मनात उत्तरही ठरवलेलं असतं: काय करणार, सरळ खाली. तसं होत नाही. का होत नाही ते आज सविस्तर सांगतो. पण त्याच्यापेक्षा जास्त मला जमिनीवरच्या गोष्टींबद्दल सांगायचं आहे, कारण आपल्या मराठवाड्यात हेलिकॉप्टरला खरा धोका असतो तो शेवटच्या शंभर फुटांत, आणि तिथं माझ्याइतकीच तुमचीही जबाबदारी असते.

मी औसा तालुक्यातला. लष्कराच्या आर्मी एव्हिएशनमध्ये होतो, नाशिकला चेतक हेलिकॉप्टरवर शिकलो. नोकरी संपवून बाहेर आलो आणि आता चार्टरवर बेल ४०७ हेलिकॉप्टर चालवतो. प्रचाराच्या दिवसांत सगळा मुक्काम लातूर, बीड, धाराशिव, नांदेड याच पट्ट्यात.

तर इंजिनाचं. इंजिन थांबलं म्हणून पंखा थांबत नाही. दोघांच्या मध्ये फ्रीव्हील असतं, ते रोटरला इंजिनापासून मोकळं करतं. हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं, खालून वर येणारी हवा पात्यांमधून जाते आणि तीच पाती फिरवत ठेवते. पाटोद्याच्या माळावरच्या पवनचक्क्या जशा नुसत्या वाऱ्यावर फिरतात, तसंच. याला ऑटोरोटेशन म्हणतात. मात्र हे आपोआप घडत नाही. डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन बदलणारा दांडा, त्याच क्षणी खाली जायला हवा. पात्यांचा कोन तसाच ठेवला तर फेरे झपाट्यानं उतरतात, आणि एका मर्यादेखाली गेलेले फेरे परत मिळत नाहीत. हलक्या यंत्रात यासाठी सेकंद-दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, म्हणून हात विचाराच्या आधी हलला पाहिजे. सराव करायचा तो एवढ्यासाठीच.

पायांचं तर आणखी वेगळं. चेतक फ्रेंच घराण्यातलं, त्याचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. बेलचा उलटा. त्यामुळं इंजिन गेल्यावर चेतकचं नाक उजवीकडं वळतं आणि डावं पेडल द्यावं लागतं, बेलचं नाक डावीकडं वळतं आणि उजवं पेडल लागतं. इतकी वर्षं डाव्या पायाला लागलेली सवय मोडून उजव्या पायाला लावायची, तीही अशी की दचकलेल्या माणसाचा पाय चुकीकडं जाऊ नये. लष्करातून नागरी कामात येणाऱ्या धाकट्या वैमानिकांना मी पहिल्यांदा हेच सांगतो. खुर्चीत नुसतं बसा, डोळे मिटा, मनातल्या मनात इंजिन बंद करा आणि कुठला पाय पुढं गेला ते बघा.

एकदा रोटरचे फेरे सांभाळले की साधारण साठ-सत्तर नॉटचा वेग धरायचा आणि उतरायची जागा पकडायची. हजार फुटांवर असाल तर हातात अर्धा-पाऊण मिनिट असतं आणि फार तर सव्वा किलोमीटरची मजल. त्यातही वाऱ्याकडं तोंड करून उतरायचं. जमीन पन्नास ते शंभर फुटांवर आली की नाक उचलून वेग मारायचा, मग यंत्र सपाट करायचं, आणि पात्यांत साठलेली ताकद कलेक्टिव्ह वर ओढून एकदाच वापरायची. दुसरी संधी नसते. बरोबर जमलं तर माणसं दार उघडून चालत बाहेर येतात.

म्हणूनच उडताना माझी नजर सतत रानांवर असते. मागं बसलेल्यांना वाटतं पायलट निसर्ग बघतोय. मी जागा निवडत असतो, ही गेली की पुढची, ती गेली की त्याच्या पुढची. काढणी झालेलं सोयाबीनचं रान उत्तम. हरभरा चांगला. ऊस नको, त्याच्या उंचीत जमीन कुठं आहे तेच कळत नाही आणि स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेल्या नळ्या, अडकतात. पऱ्हाटी उभी असेल तर तीही नको. बालाघाटच्या डोंगरात ओळीनं घळी लागतात, तिथं मी थोडा वळसा घेतो पण उंची जास्त ठेवतो. आणि पावसाळ्यात काळं रान वरून कितीही सपाट, मोकळं दिसलं तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. चिखलात एक स्किड रुतला आणि दुसरा उचलला गेला तर यंत्र त्या रुतलेल्या स्किडवर कलतं, आणि कलण्याचा वेग एकदा वाढला की उजव्या हातातली सायक्लिक, म्हणजे यंत्र कलवायची दांडी, उलट्या बाजूला ओढून काही होत नाही. अशा वेळी एकच उपाय, कलेक्टिव्ह हळुवार पण लगेच खाली. ऐन वेळी मन सांगतं वर उचल. मन चुकीचं सांगत असतं.

आता खरी इमर्जन्सी बहुतेक वेळा कशी येते ते सांगतो. इंजिन धाडकन बंद पडून नाही. एक छोटा दिवा लागतो.

दिवाळी होऊन गेली होती. लातूरहून बीडकडं निघालो होतो, मागं एक पुढारी आणि त्यांची दोन माणसं. अंबाजोगाई मागं टाकली आणि केजच्या अलीकडं इंजिन चिपचा दिवा लागला. इंजिनाच्या तेलात एक चुंबकी प्लग बसवलेला असतो. आतली एखादी बेअरिंग किंवा दाता झिजून धातूचा कण सुटला तर तो या प्लगला चिकटतो, सर्किट पूर्ण होतं आणि दिवा लागतो. बाकी सगळं ठीक होतं: तेलाचा दाब, तेलाचं तापमान, टर्बाइनचं तापमान, आवाज. यंत्र तर लोण्यासारखं चाललं होतं.

आमच्या पुस्तकात तीन पायऱ्या असतात. लगेच उतरा, म्हणजे खाली काय आहे हे न बघता. शक्य तितक्या लवकर उतरा, म्हणजे पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथं. आणि सोयीच्या ठिकाणी उतरा, म्हणजे दुरुस्ती होऊ शकेल अशा तळापर्यंत जायला हरकत नाही. इंजिन चिप दुसऱ्या पायरीवर येतो. बीड जेमतेम वीस मिनिटांवर होतं. तरी बीडचा विचार सोडला. रस्त्यालगत एक मोठं रान दिसलं, सोयाबीन काढलेलं, एका कोपऱ्यात ताडपत्री झाकलेली बनीम, म्हणजे काढलेल्या पिकाची गंज. खांब शोधले. तारा वरून दिसत नाहीत, उन्हात तर नाहीच नाही, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच धरून चालायचं, आणि ओलांडायचीच असेल तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडायची. एक फेरी मारली, डीपी कुठं आहे ते पाहिलं, बनीम वाऱ्याखाली येणार नाही अशी बाजू धरली आणि उतरलो. उतरताना इंजिनाची ताकद लागेल तेवढीच वापरली, उथळ कोनातून, पुढचा वेग शेवटपर्यंत राखून. मधेच इंजिन गेलं असतं तरी तसंच पुढं जाऊन टेकता आलं असतं.

रानाचे मालक पळत आले. धोतर, डोक्याला रुमाल, हातात विळा. मी काचेतूनच हात करून थांबवलं आणि ते थांबले. पंखा पूर्ण थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत. मग जवळ येऊन म्हणाले, "काय झालं सायेब? तेल संपलं का?"

"नाही मामा, एक दिवा लागलाय. बघून घेतो."

"बघा की निवांत. रान आपलंच हाय." आणि मागं वळून त्यांनी गावाकडून धावत येणारी पोरं बांधावर अडवली, एकेकाला खाली बसवलं. पाच मिनिटांत बांध माणसांनी भरला, पण एकही जण बांधाच्या अलीकडं आला नाही. त्या मामांना मी आजही मानतो. मोठमोठ्या बंदोबस्तात मला एवढी शिस्त मिळालेली नाही.

पुढारी नाराज झाले. त्यांची बीडला सभा होती. "एवढ्याशा दिव्यासाठी?" असं म्हणाले आणि गाडी मागवून निघून गेले. त्यांची अडचण मला कळते, पण माझं उत्तर तेव्हा जे होतं तेच आज आहे. आमचा तंत्रज्ञ लातूरहून जीपनं आला, प्लग काढला, पांढऱ्या फडक्यावर पुसला. काळसर, बारीक लव निघाली, रोजच्या झिजेतली. कपची एकही नव्हती. प्लग साफ करून बसवला, जमिनीवर इंजिन चालवून बघितलं, दिवा पुन्हा लागला नाही. म्हणजे काही झालंच नव्हतं, असं म्हणता येईल. पण लव असो की बेअरिंगची कपची, दिवा तोच लागतो. वर हवेत बसून त्यातलं काय आहे हे सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वैमानिकावर दबाव कुणी शिवी देऊन आणत नाही. सभा, मुहूर्त, खाली थांबलेली माणसं, मावळायला आलेला दिवस, हाच दबाव. आम्ही गावोगावच्या मैदानांवर उतरतो ते डोळ्यांना दिसतं तोवरच, सूर्यास्तानंतर नाही. नेत्यांची भाषणं लांबतात आणि सगळी घाई आमच्या उड्डाणावर येऊन पडते. घाईत माणूस जमिनीवरच चुकतो. सुरू करतानासुद्धा. बॅटरी उतरलेली असेल किंवा मागून वारा सरळ एक्झॉस्टमध्ये शिरत असेल तर टर्बाइन पुरेशा वेगानं फिरण्याआधीच आतली आग वाढते, तापमानाचा काटा थांबत नाही. त्याला हॉट स्टार्ट म्हणतात. इंधन तोडायचं आणि स्टार्टर फिरवतच ठेवायचा, म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकली जाते. दोन-चार सेकंद उशीर झाला तर टर्बाइनची पाती जळतात. म्हणून सुरू करताना माझ्याशी कुणी बोलू नये, खिडकीशी येऊन हात मिळवू नये.

चेतकवर ग्राउंड रेझोनन्सचाही सराव असे. तीन पात्यांच्या रोटरचा तोल थोडा बिघडला आणि चाकांच्या शॉकअपनं त्याला साथ दिली की उभं यंत्र हलायला लागतं, आणि काही क्षणांत स्वतःला मोडून टाकू शकतं. फेरे पुरेसे असतील तर हवेत उचलायचं, नसतील तर सगळं बंद करायचं. मधला मार्ग नाही.

आता उन्हाचं. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. त्या उंचीला हवेचं प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४२ अंश असलं तर हवा इतकी विरळ होते की यंत्राला आपण साडेपाच हजार फुटांच्याही वर आहोत असंच वाटतं. इंजिनाची ताकद कमी, पात्यांची पकड कमी. सकाळी सात वाजता ज्या मैदानावरून भरल्या गाडीनं सहज उठलो तिथूनच दुपारी दोन वाजता दोन माणसं उतरवावी लागतात. "सकाळी तर बसलो होतो की" हे वाक्य मला दर उन्हाळ्यात ऐकावं लागतं. सकाळची हवा वेगळी होती, एवढंच सांगतो, आणि त्या दोघांना उतरवतो.

२५ मे २०१७ ला निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच खाली येऊन विजेच्या तारांत अडकलं आणि वस्तीत कोसळलं. आतले सगळे वाचले. आपल्याकडं ते दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, आणि तरीही पुढं मला जी मैदानं दिली जातात त्यात कोपऱ्यात डीपी, एका बाजूला ११ केव्हीची लाइन आणि तिसऱ्या बाजूला मंडप असतोच. बांधकाम खात्याचे लोक चुन्यानं सुंदर एच आखतात. पण हेलिकॉप्टर त्या एचवर वरून सरळ सोडल्यासारखं उतरत नाही, आणि तसं उतरवूही नये. पुढचा वेग संपलेला असताना ताकद देत देत मिनिटाला तीनशे फुटांपेक्षा जास्त वेगानं खाली आलं तर यंत्र स्वतःच्याच पंख्यानं ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. मग जितका कलेक्टिव्ह ओढावा तितकं जास्त खाली जातं. बाहेर पडायचं तर नाक पुढं घालून वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी खाली उंची लागते, जी मैदानावर उतरताना नसते. म्हणून मला लांबून, तिरकं येण्यासाठी एक मोकळी वाट हवी, आणि जाण्यासाठीही. एच कितीही बारका असला तरी चालेल.

आदल्या दिवशी मी स्वतः ग्रामसेवकाला किंवा तलाठ्याला फोन लावतो. तारा कुठल्या बाजूला, नवा मोबाइल टॉवर उभा राहिलाय का, मैदानाचा उतार कुणीकडं. टँकर दोनदा मारा म्हणतो, एकदा रात्री आणि एकदा मी येण्याच्या तासभर आधी. एकदाच मारलेलं पाणी आपल्या उन्हात टिकत नाही, आणि उतरताना धूळ उठली की शेवटच्या वीस फुटांत मला जमीन दिसत नाही, क्षितिज दिसत नाही, यंत्र बाजूला सरकतंय की नाही ते कळत नाही. सरकत असताना स्किड दगडाला लागला की वर सांगितलेलं कलणं सुरू. धुळीत दिसेनासं झालं तर मी उतरण्याचा हट्ट धरत नाही, वर जातो आणि तुम्हाला आणखी एक टँकर मारायला लावतो. धुरावरून वाऱ्याची दिशा कळावी म्हणून थोडा ओला कडबा पेटवा, पण मैदानाच्या कडेला. सतरंज्या, पताका, प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्र्यावर ठेवलेले दगड, सगळं लांब. पंख्याखालच्या वाऱ्यानं उडालेली एक ताडपत्री रोटरमध्ये गेली तर सगळं संपतं.

आणि माणसं. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, आमच्या भागात हेलिकॉप्टरं उतरली तेव्हा मी पोरगा होतो आणि सगळ्यांबरोबर मीही धावलो होतो. धावण्यातला आनंद मला ठाऊक आहे, म्हणून जास्त पोटतिडकीनं सांगतो. शेपटीचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही. तो माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो. शेपटीकडं कधीही जायचं नाही, फोटोसाठीही नाही. मोठा पंखा बंद करताना जास्त धोक्याचा, कारण फेरे कमी झाले की पाती लवतात आणि वाऱ्याच्या झोतानं आणखी खाली येतात. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूनं जवळ आलेला माणूस आपोआप पात्यांच्या उंचीला येतो. पुढून यायचं, मी बघतोय ना ते बघायचं, मी हात केल्यावर यायचं. टोपी, फेटा, उपरणं, पदर धरून ठेवायचा, उडाला तर मागं धावायचं नाही. हार-तुरे खालीच. झेंड्याची काठी आडवी धरायची.

आत बसलेल्यांनाही दोन गोष्टी. कुठंही, कसंही उतरलो तरी पंखा थांबेपर्यंत पट्टा काढायचा नाही. धक्का बसून उतरल्यावर घाबरून उडी टाकणारा माणूस अपघातातून वाचून पंख्यात सापडतो. याला अपवाद फक्त आगीचा, आणि तेव्हाही बाहेर पडून पुढच्या बाजूलाच पळायचं. दुसरं, दाराची कडी कशी उघडते ते बसताना स्वतःच्या हातानं एकदा करून बघायचं. मी दरवेळी दाखवतो. दरवेळी निम्मे लोक फोनवर असतात.

२०२५ च्या सप्टेंबरात परांड्याकडं पुराचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा अडकलेल्यांना काढायला लष्करी हेलिकॉप्टरं आली. सीनेच्या काठी माझा एक मावसभाऊ राहतो. त्याचा रात्री फोन आला, "दादा, सकाळी हेलिकॉप्टर येणार म्हणतेत, आमी काय करावं?" मी म्हटलं, पत्र्याच्या छतावर चढू नका, स्लॅबवर जा. स्लॅबवरच्या रिकाम्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, सैल पत्रे रात्रीच बांधून टाका नाहीतर आत न्या. वरून हूक येईल, तो हातानं झेलायचा नाही. फिरत्या पंख्यामुळं यंत्रात वीज साठते, हूक आधी स्लॅबला किंवा पाण्याला टेकू द्यायचा, मग हात लावायचा. तो कशालाही, अगदी खांबालाही, अडकवायचा नाही. अंगाला पट्टा घातला की हात खाली, अंगालगत. वर खेचताना हात उंच केले तर माणूस पट्ट्यातून निसटतो. खाली उतरलेला जवान सांगेल त्याच क्रमानं जायचं, आईनं आधी का पोरानं आधी यावर वाद घालायचा नाही.

तो सगळं ऐकत गेला, मधे मधे हूं म्हणत. मग म्हणाला, "आन् म्हशीचं काय करू?"

मी म्हटलं, तिचं दावं सकाळची वाट न बघता आत्ताच सोड, म्हशीला पोहता येतं.